मालमोटारीच्या इंजिनतेलांत डिझेल उतरल्याची परीक्षा

गुराच्या अंगावर सूज आली असतां तिला मांस समजून संतोष मानणारा शेतकरी आमच्या वाचकांत कोणी नसेल. परंतु मालमोटारीच्या इंजिनांतील तेल कायम राहिलेलें किंवा वाढलेलें पाहून, 'गाडी आतां तेल खात नाहीं,' असें समाधानानें सांगणारे मालक आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. तेल कोणत्याही इंजिनांत उत्पन्न होत नाहीं. तें थोडें थोडें कमी होणें स्वाभाविक आहे. आपोआप वाढणें केव्हांही स्वाभाविक नाहीं. वाढलें म्हणजे त्यांत दुसरें कांहीं तरी मिसळलें, आणि तें दुसरें कांहीं पुष्कळदां डिझेल असतें. ही सूज वेळीं ओळखली तर थोडक्या खर्चांत बरी होते. न ओळखली तर सबंध इंजिन घेऊन जाते. ती ओळखावी कशी व तिचें मूळ शोधावें कसें, हा या पाठाचा विषय आहे.

शेतकीच्या मासिकांत इंजिनाची चर्चा कशास, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्या वाहनावर माल बाजारास जातो तें वाहन शेतीच्या अवजारांपैकींच एक होय. नाशिक तालुक्यांतील एकलहरे हें गांव गोदावरीकांठचें. १९७० सालापासून तेथें औष्णिक वीजकेंद्र उभें असल्यामुळें अवजड गाड्यांची वर्दळ तेथें नेहमींचीच. पण आतां द्राक्षें, कांदा व भाजीपाला यांच्यासाठीं खुद्द बागाईतदारांच्याही मालमोटारी झाल्या आहेत. द्राक्षाची तोडणी साधारणतः जानेवारीपासून एप्रिलपर्यंत चालते. भरलेली गाडी या दिवसांत कसाऱ्याच्या घाटांत बसली, तर इंजिनाचा खर्च एकीकडे व नासलेला माल दुसरीकडे, असें दुहेरी नुकसान होतें.

एकलहरे येथील एक उदाहरण

आमच्या परिचयाच्या एका बागाईतदाराजवळ सहा सिलिंडरांची एक जुनी मालमोटार आहे. तिचा डिझेलचा पंप जुन्या पद्धतीचा, एका ओळींत सहा एलिमेंट असलेला. चेंबरमध्यें १५ लिटर तेल मावतें. ही गाडी दर हजार किलोमीटरांस सुमारें अर्धा लिटर तेल घेत असे, व चालक तेवढें टाकून त्याचे पैसे मालकाकडून घेत असे. एका हिवाळ्यांत तीन हजार किलोमीटर धांव झाली तरी चालकानें तेलाचे पैसे मागितले नाहींत. मालकास प्रथम बरें वाटलें. मग मनांत किंतु आला. त्यानें विचारलें, "आतां तेल लागत नाहीं, तर आजवर तेलाचे पैसे कोठें जात होते ?" चालक म्हणाला, "दादा, मीं तेल टाकलें नाहीं म्हणून पैसे मागितले नाहींत. या वेळीं गाडीनेंच तेल मागितलें नाहीं." मालकाचें समाधान झालें नाहीं. हंगाम संपतांच या माणसास रजा द्यावयाची, असें त्यानें मनाशीं ठरविलें.

जानेवारींत ही गाडी द्राक्षें वाशीच्या बाजारांत उतरवून परत येत होती. कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीस उभी केली असतां, इंजिन संथ चालत असतांना तेलाच्या दाबाचा कांटा जवळजवळ शून्यावर आला. गाडी कशीबशी गांवीं आणली. एका मिस्त्रीनें पाहून सांगितलें कीं, बेअरिंगें गेलीं, इंजिन उतरवून बोअर करावें लागेल. ऐन हंगामांत गाडी खोलून ठेवण्यापूर्वीं मालकानें आम्हांस बोलाविलें. आम्हीं गेज काढून पाहिली, तों तेल वरच्या खुणेच्याही एक बोट वर होतें. पुढें काय निघालें तें योग्य स्थळीं सांगूं. तूर्त एवढेंच ध्यानांत ठेवावें कीं, या गाडीच्या रोगानें तीन हजार किलोमीटर आपलें तोंड लपविलें होतें, आणि तेवढ्या अवधींत एका प्रामाणिक माणसावर आळ आला होता.

डिझेलामुळें काय बिघडतें

इंजिनांत लोखंड लोखंडावर फिरत नाहीं. क्रँक व बेअरिंग यांच्यामध्यें तेलाचा पातळ पापुद्रा असतो, त्यावर क्रँक तरंगतो. हा पापुद्रा भार सोसूं शकतो याचें कारण तेलाचा दाटपणा. दाटपणा सेंटिस्टोक या मापानें मोजतात. मालमोटारींत सर्रास वापरण्यांत येणारें १५डब्ल्यू-४० जातीचें नवें तेल ४० अंश सेल्सिअस उष्णतेस साधारणतः शंभर सेंटिस्टोकांच्या आसपास किंवा त्याहून दाट असतें. त्याच उष्णतेस डिझेलाचा दाटपणा आपल्या देशाच्या मानकाप्रमाणें २ ते ४.५ असतो. अर्थात् डिझेल हें तेलाहून कित्येक पटींनीं पातळ. तें थोडें मिसळलें तरी मिश्रणाचा दाटपणा झपाट्यानें उतरतो, पापुद्रा तुटूं लागतो, आणि बेअरिंग, क्रँक व टर्बोचा दांडा यांची झीज सुरू होते. दाटपणा उतरला कीं दाबही उतरतो. म्हणून इगतपुरीस कांटा पडला.

दुसरें असें कीं, तेलांत झीज थोपविणारीं व काजळी विखुरलेली ठेवणारीं औषधें घातलेलीं असतात; डिझेलानें त्यांचेंही प्रमाण कमी होतें. तिसरा धोका सर्वांत भयंकर आहे. चेंबर फार भरलें म्हणजे क्रँक तेलास घुसळूं लागतो, फेस होतो, व तेलाची वाफ आणि तुषार श्वासनळीवाटे हवेच्या मार्गांत ओढले जातात. तेव्हां इंजिन आपल्याच तेलावर चालूं लागतें, आणि चावी बंद केली तरी थांबत नाहीं. वेग वाढत जाऊन तें फुटूंही शकतें. सबब, तेल वरच्या खुणेच्या वर गेलेलें आढळल्यास 'गांवापर्यंत तरी नेऊं' असा मोह धरूं नये. इंजिन सुरूच करूं नये.

पहिली परीक्षा : गेजचा हिशेब

सर्व परीक्षांत स्वस्त व विश्वासू परीक्षा गेजची. परंतु ती नियमानें घेतली तरच. गाडी सपाट जागीं उभी असावी. सकाळीं इंजिन सुरू करण्यापूर्वीं गेज काढावी, फडक्यानें पुसावी, पुनः पूर्ण घालून काढावी व मग वाचावी. उतारावर उभ्या गाडीची किंवा नुकत्याच बंद केलेल्या इंजिनाची गेज खोटें बोलते. वाचलेली पातळी, तारीख, किलोमीटर व वरून टाकलेलें तेल, या चार गोष्टी वहींत लिहाव्या.

आतां हिशेब कसा करावा तें पाहा. वरील गाडी हजार किलोमीटरांस अर्धा लिटर तेल खाते. तीन हजारांत दीड लिटर कमी व्हावयास पाहिजे होतें. तें झालें नाहीं, गेजची रेघ जागच्या जागीं राहिली. याचा अर्थ जळालेल्या दीड लिटराच्या जागीं दीड लिटर दुसरें कांहीं आलें. १५ लिटरांत दीड लिटर म्हणजे शेंकडा १०. गेजवर कांहींच दिसत नसतां चेंबरांतील दहावा भाग तेल नव्हतें ! म्हणून आम्ही नियम असा सांगतों कीं, *पातळी वाढली तरच डिझेल उतरलें असें नव्हे; जेवढी घटावयास पाहिजे तेवढी घटली नाहीं, तरीही संशय धरावा.* आपली गाडी किती तेल खाते हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यास हा संशय कधींच येणार नाहीं. वहीचें महत्त्व तें हेंच.

एक खोटें कारण येथेंच वेगळें काढावें. तेल बदलतांना चेंबर डिझेलानें धुण्याची कांहीं ठिकाणीं रीत आहे; तें पूर्ण न निथळल्यास नव्या तेलांत पहिल्याच दिवशीं डिझेल सांपडतें. डिझेलाच्या मापानें तेल भरल्यासही तसेंच. परंतु असें डिझेल एकदां येतें, पुढें वाढत नाहीं. रोगाचें डिझेल रोज येतें. एकच तपासणी करून निकाल देऊं नये, दोन तपासण्यांतील फरक पाहावा, असें आम्ही म्हणतों त्याचें कारण हें होय.

दुसरी परीक्षा : आंत शिरलें तें काय ?

चेंबरांत शिरूं शकणारे पदार्थ मुख्यतः तीन. रेडिएटरचें पाणी, पॉवर स्टिअरिंगचें तेल, आणि डिझेल. प्रत्येकाची टांकी निराळी, म्हणून चोर ओळखणें कठीण नाहीं. रेडिएटरचें पाणी घटत असेल व तेल दुधाळ किंवा राखाडी दिसत असेल, तर पाणी. मात्र तेल भरण्याच्या झांकणाखालीं थोडीशी मलई धरलेली दिसली, तर लगेच घाबरूं नये. थंडीच्या दिवसांत थोडथोड्या अंतरावर फिरणाऱ्या गाडींत हवेंतील बाष्पानेंही ती धरते. तेल पारदर्शक बाटलींत रात्रभर ठेवल्यास मोकळें असलेलें पाणी तळाशीं बसतें. स्टिअरिंगच्या डब्यांतील तेल घटत असून त्याची बाहेर गळती दिसत नसेल, तर त्याचा पंप इंजिनाच्या गिअरांवर बसविलेला आहे काय तें पाहावें. सील फाटल्यास तें तेल आंत येतें. हीं दोन्ही जागच्या जागीं असतील, तर उरतें तें डिझेल.

घरीं करतां येण्याजोग्या तीन परीक्षा

(१) वास व स्पर्श. गेजवरील थेंब दोन बोटांत धरून घासावा व शेजारीं नव्या तेलाचा थेंब घासून तुलना करावी. डिझेल फार असल्यास तेल सुळसुळीत लागतें व वास येतो. परंतु वापरलेल्या तेलाच्या करपट वासांत थोडें डिझेल लपून जातें. म्हणून वास आला तर पुरावा समजावा. न आला तर निर्दोषपणाचा दाखला समजूं नये.

(२) टीपकागद. इंजिन गरम असतांना गेजवरून एक थेंब टीपकागदावर सोडावा. कागद वाटीच्या तोंडावर असा ठेवावा कीं थेंबाखालीं कांहीं टेंकूं नये. कांहीं तासांनीं, शक्य तर दुसऱ्या दिवशीं, उजेडाकडे धरून पाहावा. मध्यें काजळीचा काळा ठिपका, त्याभोंवतीं करडें वर्तुळ, व सर्वांबाहेर फिकें तेलकट कडें दिसतें. डिझेल मिसळलेलें असल्यास हें बाहेरचें फिकें कडें नेहमींपेक्षां रुंद पसरतें. नेहमींचें म्हणजे कोणतें, हें कळण्यासाठीं त्याच जातीच्या तेलाचा एखाद्या निरोगी गाडींतील थेंब शेजारीं ठेवावा.

(३) बाटलींतील बुडबुडा. तीन सारख्या लहान बाटल्या घ्याव्या. पहिलींत निरोगी गाडीचें वापरलेलें तेल, दुसरींत त्याच तेलाचे ९५ भाग व डिझेलाचे ५ भाग, तिसरींत संशयित तेल. तिन्ही सारख्या उंचीपर्यंत भराव्या, वर थोडी हवा ठेवावी, बुचें घट्ट करावीं, व तासभर एकाच जागीं सावलींत ठेवून एकदम उलट्या कराव्या. बुडबुडा जितका लवकर वर चढेल तितकें तेल पातळ. तिसऱ्या बाटलीचा बुडबुडा दुसरीच्या बरोबरीनें किंवा तिच्या आधीं चढला, तर शेंकडा पांच किंवा अधिक डिझेल असल्याचा दाट संशय घ्यावा.

या परीक्षेंत एक खांच आहे. काजळीनें तेल घट्ट होतें व डिझेलानें पातळ होतें. एका गाडींत दोन्ही रोग असल्यास दाटपणा बेतास बात दिसून दोन्ही लपतात. म्हणून बाटली, कागद व वही या तिघांची साक्ष एकत्र घ्यावी.

आणि एक सक्त ताकीद. डिझेल आहे किंवा नाहीं हें पाहण्यासाठीं तेल चुलीवर तापवूं नये, त्यास काडी लावूं नये. चांगलें इंजिनतेल सामान्यतः २०० अंशांच्या पुढें गेल्यावांचून पेट घेण्याजोगी वाफ देत नाहीं. डिझेलाची मर्यादा आपल्या मानकाप्रमाणें किमान ३५ अंशच आहे. मिश्रण केव्हां भडकेल याचा नेम नाहीं. ती परीक्षा प्रयोगशाळेची.

प्रयोगशाळेचा दाखला

मोठी दुरुस्ती पुढें उभी असेल तेव्हां तेलाचा नमुना तपासणीस पाठविण्याचा खर्च कधींही वायां जात नाहीं. इंजिन गरम असतां चेंबरचें बूच सैल करून पहिली धार सोडून द्यावी, मधली धार स्वच्छ व कोरड्या बाटलींत धरावी. चिठ्ठीवर तेलाची जात, गाडीचे एकूण किलोमीटर व तेल बदलल्यापासूनचे किलोमीटर लिहावे. दाखल्यांत दोन आंकडे प्रथम पाहावे. पहिला, १०० अंशांस असलेला दाटपणा : ४० या अंकाच्या नव्या तेलास तो १२.५ पासून १६.३ च्या आंत असावा लागतो. दुसरा, इंधनाचें शेंकडा प्रमाण : दोनच्या आसपास गेलें कीं सावध व्हावें, पांचाच्या वर गेलें कीं तेल त्याज्य समजावें, असा सर्वसाधारण प्रघात आहे, मात्र गाडीच्या कारखान्यानें पुस्तिकेंत निराळी मर्यादा दिली असल्यास तीच पाळावी. याशिवाय तांबें, शिसें व लोखंड यांचे कण किती आहेत तें पाहिल्यास बेअरिंगांस इजा पोंचली किंवा नाहीं हेंही कळतें.

रोगाचें मूळ शोधण्याचा क्रम

डिझेल आढळलें कीं नुसतें तेल बदलून स्वस्थ बसणारा मालक महिन्याभरानें पुनः तेथेंच येतो. जादा तेल काढून टाकून पातळी खुणेवर आणणारा तर अधिकच चुकतो, कारण तो उरलेलें तेल निघून जाऊं देतो व डिझेलास जागा करून देतो. मूळ शोधावें, तें स्वस्तापासून महागाकडे.

(क) झांकणाखालचे पाइप. कांहीं इंजिनांत नोझलांतून परत फिरणाऱ्या डिझेलाचा पाइप टॅपेटच्या झांकणाखालून जातो. झांकण काढून तो कोरडा पुसावा, इंजिन संथ चालवून सांध्यांवर ओल येते काय तें पाहावें. एखाद्या सांध्याचा तांब्याचा वॉशर बदलल्यानें रोग गेल्याचीं उदाहरणें आहेत.

(ख) फीड पंप. टांकींतून डिझेल ओढणारा हा लहान पंप. कांहीं इंजिनांत तो थेट इंजिनाच्या अंगावर असतो व आंत रबरी पडदा असतो. पडदा फाटला कीं डिझेल सरळ चेंबरांत. ओळीच्या पंपांत तो मोठ्या पंपाच्या कुशीस बसविलेला असतो व दांड्यानें चालतो. दांडा झिजला कीं त्याच्या कडेनें डिझेल मोठ्या पंपाच्या पोटांत जातें, आणि त्या पोटांत इंजिनाचेंच तेल फिरत असल्यास तेथून चेंबरांत.

(ग) नोझल. नोझलानें डिझेलाचें धुकें करावयाचें असतें. तें न होतां थेंब गळूं लागले, तर न जळालेलें डिझेल लायनरवरील तेल धुवून काढीत रिंगांवाटे खालीं उतरतें. नोझल तपासण्याच्या यंत्रावर प्रत्येकाचा दाब, फवारा व ठिबक पाहून घ्यावी. या फवाऱ्यापुढें हात धरूं नये. त्याचा जोर इतका असतो कीं तो कातडींतून आंत घुसतो, आणि ती जखम लहान दिसली तरी तात्काळ डॉक्टरकडे जावें लागतें.

(घ) मोठा पंप. एलिमेंट झिजल्यास किंवा गोल पंपाच्या दांड्याचें सील गेल्यास डिझेल आंत येतें. याची परीक्षा पंप-नोझलाच्या दुकानांतच होते.

(ङ) थंड इंजिन. उन्हाळ्यांत गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेंकण्याची वाईट खोड पुष्कळांस आहे. तसें केल्यानें हिवाळ्यांत इंजिन नीट ऊब धरीत नाहीं, डिझेल पुरतें जळत नाहीं व खालीं उतरतें. बाजाराच्या दारांत रांगेत तासन् तास इंजिन चालू ठेवल्यानेंही तेंच होतें.

या कारणांत निवड कशी करावी याची एक किल्ली आहे. नोझल गळत असेल तर तें बहुधा बाहेर बोलतें : धूर येतो, एखादा सिलिंडर ठोके चुकवितो, सकाळीं इंजिन अडखळतें. फीड पंप, पाइप किंवा सील गळत असेल तर इंजिन चालण्यांत कांहींच फरक पडत नाहीं. तें मुक्यानें मरतें. तसेंच, केवळ रिंगा व लायनर झिजले असतील तर इंजिन तेल अधिक खाऊं लागतें, तेल वाढत नाहीं. म्हणून तेल वाढत असतां कोणी प्रथमच बोअर करावयास सांगेल, तर त्यास नम्रपणें थांबवावें.

एकलहऱ्याच्या त्या गाडीस धूर नव्हता, ठोका चुकत नव्हता, पाणी व स्टिअरिंगचें तेल जागच्या जागीं होतें. टीपकागदावर फिकें कडें रुंद उमटलें, बाटलींतील बुडबुडा पांच टक्क्यांच्या बाटलीच्याही आधीं वर गेला. नोझलें तपासून घेतलीं तीं चांगलीं निघालीं. मग फीड पंप उतरविला, त्याचें बाहेर जाण्याचें तोंड बंद केलें, डिझेलाची नळी लावून हातपंप मारला. तों दांड्याच्या कडेनें डिझेल ठिबकूं लागलें. मूळ सांपडलें. पंपाची दुरुस्ती एका दिवसांत झाली. जुना तेलाचा फिल्टर कापून त्याच्या घड्या उलगडून पाहिल्या, त्यांत धातूची चकाकी दिसली नाहीं. नवें तेल व नवा फिल्टर घालतांच दाबाचा कांटा पूर्वस्थळीं आला. इंजिन उतरवावें लागलें नाहीं.

नव्या गाड्यांविषयीं

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले, व डिझेलांतील गंधकाचें प्रमाण दशलक्षांत ५० भागांवरून १० भागांवर आणण्यांत आलें. तेव्हांपासूनच्या पुष्कळ गाड्यांच्या धुराच्या मार्गांत काजळी अडविणारी जाळी असते. ती भरली म्हणजे गाडीचा संगणक धुराची उष्णता सुमारें ६०० अंशांपर्यंत वाढवून काजळी जाळून टाकतो. त्यासाठीं कांहीं इंजिनांत सिलिंडरांतच उशिरां जादा डिझेल सोडलें जातें, व त्याचा कांहीं भाग लायनरवरून तेलांत उतरतो. गाडी लांब धांवत असेल तर ही क्रिया पुरी होते व बाधा होत नाहीं. परंतु शेत ते शेड, शेड ते फाटा, अशा तुकड्या तुकड्यांच्या फेऱ्यांत ती दर वेळीं अर्धवट तुटते, पुनः सुरू होते, आणि तेल वाढत जातें. अशा गाडींत पंप-नोझल निर्दोष असूनही डिझेल सांपडतें. उपाय असा : जाळी साफ होत असल्याची खूण दिसत असतां इंजिन बंद करूं नये, आठवड्यांतून एकदां तरी सलग महामार्गावर गाडी चालवावी, व पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचेंच तेल वापरावें. ही क्रिया वरचेवर कां होते, हें संगणक लावून अधिकृत दुरुस्तिगृहांत पाहून घ्यावें. ज्या गाड्यांत हें जादा डिझेल सिलिंडराबाहेर धुराच्या नळींत सोडतात, त्यांत मात्र ही सबब चालत नाहीं. तेथें तेल वाढल्यास बिघाडच शोधावा.

दुरुस्तीनंतर

डिझेल मिसळलेलें सर्व तेल गरम असतां काढावें, फिल्टर बदलावा, चेंबर डिझेलानें धुऊं नये. पहिले हजार किलोमीटर गेज रोज पाहावी. पूर्वीं किती काळ डिझेल होतें हें ठाऊक नसल्यास हें नवें तेल नेहमींपेक्षां लवकर बदलावें, व शक्य तर त्याचा नमुना तपासावा. दाब नव्या तेलानेंही पूर्ववत् झाला नाहीं, तर मात्र बेअरिंग उघडून पाहण्यावांचून गत्यंतर नाहीं.

काढलेलें तेल विहिरीच्या थारोळ्यांत, ओढ्यांत किंवा बांधावर ओतूं नये. तें कायद्यानें घातक कचरा गणलें जातें व पाणी आणि जमीन दोन्ही नासवितें. पाणी ओढण्याच्या इंजिनांतही तें पुनः वापरूं नये. एकाचा रोग दुसऱ्यास लावण्यांत काटकसर नाहीं. बंद डब्यांत सांठवून परवानाधारक संग्राहकास द्यावें.

उपसंहार

आमच्या उदाहरणाचा शेवट सांगावयाचा राहिला. दुरुस्तीनंतर त्या गाडीनें पहिल्या हजार किलोमीटरांत अर्धा लिटर तेल खाल्लें. दुसऱ्या हजारांत पुनः अर्धा लिटर. मालकानें वही पुढें ओढून जुनीं बिलें जुळवून पाहिलीं. चालकानें आजवर घेतलेला प्रत्येक पैसा बरोबर निघाला. तेल पुनः घटूं लागलें हीच इंजिन निरोगी झाल्याची व माणूस प्रामाणिक असल्याची साक्ष ठरली. मालकानें त्यास बोलावून आपले शब्द परत घेतले, व तो आजही त्याच गाडीवर आहे.

आमच्या वाचकांस विनंति एवढीच कीं, गाडींत एक वही व एक टांगलेली पेन्सिल आजच ठेवावी, आणि सकाळची गेज त्यांत लिहून घ्यावी. पातळी वाढली, किंवा घटावयाची तेवढी घटली नाहीं, तर प्रथम इंजिन थांबवावें, मग पाणी, स्टिअरिंग व डिझेल यांत चोर कोण तें ठरवावें, मग मूळ शोधावें, आणि तेल त्यानंतर बदलावें. इंजिन खोलण्याची गोष्ट सर्वांच्या शेवटीं. आणि माणसावर संशय घेण्याची त्याहूनही शेवटीं.